गुडघ्याचा इतिहास: आधी ऊस जाऊ दे

लढाया, तह, गादीवरून झालेली भांडणं हे सगळं आपण पुष्कळ ऐकलंय. आज गुडघ्याचा इतिहास ऐकूया. सातारा-सांगलीकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या गुडघ्याचा.

सुरुवात नावापासून करतो, कारण निम्मा घोळ तिथंच आहे. आपल्याकडं सांधा दुखला की 'वात'. जुन्या वैद्यकात मात्र फरक केलेला होता बरं का. चरकसंहितेत सांध्यातल्या वाताचं वर्णन येतं आणि माधवनिदानात 'आमवात' वेगळा सांगितलाय. घराघरात पोचेपर्यंत दोन्ही एकाच पोत्यात गेले. आजच्या भाषेत एक म्हणजे कूर्चेची झीज, दुसरा म्हणजे शरीरानंच सांध्यावर हल्ला करून आणलेली सूज. दोन्हींचे उपचार वेगळे. पण शेजारणीला ज्या गोळीनं गुण आला, तीच आपल्या बाया मागून घेतात.

या दोन्हींत जास्त कुठला? पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. आपल्यासारख्याच शेतीवाडीच्या गावात. त्यात झिजेचे रुग्ण सुजेच्या संधिवातापेक्षा कितीतरी पटींनी जास्त निघाले.

आणि ही झीज नुसती वयानं येत नाही. वजन, जुनी दुखापत, घराण्यातला वारसा हे आहेच, पण वर्षानुवर्षं उकिडवं बसणंही आहे. भांगलण आठवा. खुरपं हातात, दिवसभर सरीतून उकिडवं सरकत जायचं. घरी आलं की चुलीपुढं. माझ्या आजीला विचारलं तर ती म्हणायची, "वय झालं, दुखायचंच." आजार म्हटलं तर त्यावर औषध निघतं, वय म्हटलं की विषयच संपतो.

दवाखाना लांब होता म्हणावं तर तसंही नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल मिरजेत १८९४ पासून आहे. मिरज जंक्शन, त्यामुळं रेल्वेनं कुठून कुठून रुग्ण उतरायचे. पुढं गावच दवाखान्यांचं झालं. साताऱ्याच्या बाजूला कराडलाही १९८० च्या दशकापासून मोठं रुग्णालय आहे. म्हणजे अंतर हे कारण नव्हतं. पैसा होता. सांधा बदलायच्या कृत्रिम गुडघ्याची नेहमीच्या प्रकारातली सरासरी किंमत दीड लाखाच्या वर होती. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं ती ५४,७२० रुपयांवर बांधली, जीएसटी वेगळा. हा मोठा दिलासा होता, यात वाद नाही. फक्त हा आकडा सांध्याचा. डॉक्टर, खोली, औषधं निराळी.

किंमत उतरली, पण घरातल्या खर्चाच्या यादीतली बाईची जागा काही वर सरकली नाही. ऊस जाऊ दे, बिल येऊ दे. मग नातीचं लग्न. मग बोअरची मोटर. मुलगा नको म्हणतो असंही नाही, पुष्कळदा तीच पुढं ढकलते. आषाढीला हीच बाई लोणंदवरून फलटणकडं पालखीबरोबर चालते, मुक्कामाला गुडघ्याला तेल चोळते आणि सकाळी पुन्हा वाटेला लागते. तेव्हा सोसायची ताकद नाही असं कुणी म्हणू नये!

मला खरी अडचण मधल्या टप्प्याची वाटते. आपल्या बायकांच्या मनात दोनच उपचार असतात, तेल नाहीतर ऑपरेशन. त्यातलं ऑपरेशन म्हटलं की "पाय कायमचा अधू झाला तर?" मधलं काही नाहीच. वास्तविक पहिला उपचार मधलाच आहे: मांडीचे स्नायू बळकट करणं, वजन आटोक्यात ठेवणं, खाली बसण्याऐवजी खुर्ची, कमोड, हातात काठी. बहुतेक फुकटात होणारं. पण व्यायामाचं नाव काढा, उत्तर तयार असतं: "दिवसभर राबतेच की, आणखी कसला व्यायाम?"

प्रश्न चुकीचा नाहीये. त्याला नीट उत्तर द्यायला हवं. राबताना दुमडलेल्या गुडघ्यावर भार पडतो आणि मांडीला जोर मिळेलच असं नाही. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, हळू खाली आणायचा. मग दुसरा. दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. फार दुखलं तर थांबायचं. चहा उकळेपर्यंत होतं.