उल्हासखोऱ्यांतील समुद्रगमन व डॉ. आनंदीबाई जोशी

परदेशीं विद्याध्ययनास जाणें ही गोष्ट कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या टापूंत आतां नवलाची राहिलेली नाहीं. मध्यंतरीं बदलापुरास माझा एक जुना विद्यार्थी शिफारसपत्रावर सही घेण्यास आला. त्यास जर्मनीस जावयाचें होतें. त्याच्या कागदपत्रांत एक प्रश्न असा होता कीं, अध्ययन संपल्यावर स्वदेशीं परतण्याचा मानस आहे काय? तो वाचून मला धर्मशास्त्रांतील एक जुना वाद आठवला. कारण तेथेंही कळीचा मुद्दा जाण्याचा नसून परत येण्याचाच आहे. प्रस्तुत लेखांत त्या वादाचा, आणि कल्याणच्या एका कन्येनें १८८३ सालीं त्यास दिलेल्या उत्तराचा, विचार कर्तव्य आहे.

प्रथम स्थलाविषयीं. उल्हास नदी बदलापुरावरून कल्याणास येते व तेथून खाडीच्या रूपानें समुद्रास मिळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक प्रवासवृत्तांत कल्याण बंदराचा नामनिर्देश आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. सहाव्या शतकांतील कॉस्मसही या बंदराचा उल्लेख करतो. अंबरनाथाचें शिवालय शके ९८२ (इ. स. १०६०) मधील, शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळचें. त्याच घराण्यांतील अनंतदेवाच्या शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटांत ठाणें, सोपारें, चौल इत्यादि बंदरांत येणाऱ्या कांहीं गलबतांवरील जकात माफ केली आहे. गलबतांच्या जकातीचा हिशेब ठेवणारें राज्य समुद्रयानास अधर्म समजत होतें, असें मानणें कठीण आहे.

मग निषेध आला कोठून? बौधायन धर्मसूत्रांत ‘समुद्रसंयान’ हें पतनीयांत गणिलें आहे खरें; परंतु तोच सूत्रकार उत्तरेकडील लोकांच्या विशिष्ट आचारांतही त्याची गणना करतो, म्हणजे लोक जात होते हें त्यास ठाऊक होतें. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत श्राद्धास वर्ज्य अशा ब्राह्मणांच्या यादींत समुद्रयायी येतो. उलट आठव्या अध्यायांत समुद्रयानांत कुशल अशा पुरुषांनीं ठरविलेली व्याजाची वृद्धि प्रमाण मानिली आहे. एकाच ग्रंथांतील हीं दोन्ही वचनें मीं वर्गांत शेजारीं शेजारीं ठेवून वाचून दाखवीत असें, आणि मुलें नेहमीं हंसत. खरी कठोरता पुढें कलिवर्ज्य प्रकरणांत आली. तेथील नियमाचा आशय असा कीं, नौकेनें समुद्र ओलांडणाऱ्या द्विजानें प्रायश्चित्त घेतलें तरी त्याचा पुनः संग्रह, म्हणजे पंक्तिव्यवहार, करूं नये. जाणाऱ्याचा पाय कोणी धरीत नाहीं. दार बंद होतें तें परतणाऱ्यावर. लोकमान्यांच्या पिढीपर्यंत विलायतेहून परतलेल्यांच्या प्रायश्चित्ताचे जे वाद माजले, त्यांचें मूळ या ‘संग्रह’ शब्दांत आहे. (हैदराबाद-सिंधच्या हिंदु व्यापाऱ्यांच्या पेढ्या याच एकोणिसाव्या शतकांत मिसर, जपानपर्यंत पसरल्या होत्या. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचें जें उल्हासनगर वसलें, तेथील वृद्धांस हा सारा वाद विलक्षण वाटेल.)

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. जन्मस्थान कोणी कल्याण देतात, कोणी आजोळ म्हणून पुणें. परंतु माहेर कल्याणच्या जोशांचें व बालपण कल्याणांतलें, याविषयीं दुमत नाहीं. माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं टपाल खात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं विवाह झाला. चौदाव्या वर्षीं झालेला मुलगा दहा दिवसांत गेला. स्त्रियांस स्त्री-वैद्य हवी हा निश्चय त्या दुःखांतून झाला.

गोपाळरावांनीं वाइल्डर नामक अमेरिकन मिशनऱ्यास साहाय्यार्थ पत्र लिहिलें. उत्तराचा रोख धर्मांतराकडे होता. तो पत्रव्यवहार छापून आला, आणि न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या श्रीमती कार्पेंटर यांनीं तो वाचून आपणहून आश्रय देऊं केला. आनंदीबाई त्यांस ‘मावशी’ म्हणत.

येथें एका रूढ समजुतीविषयीं लिहिणें भाग आहे. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीनें ही कथा घरोघर गेली. पण तेव्हांपासून, हट्ट पतीचा व आज्ञापालन पत्नीचें, असें चित्र पुष्कळांच्या मनांत ठसलें आहे. आरंभापुरतें तें खरें असेल. परंतु २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर (बंगाल) येथील कॉलेजांत आनंदीबाईंनीं इंग्रजींत जें भाषण केलें, त्यांतील युक्तिवाद पढविलेल्याचा नव्हे. मद्रासेस वैद्यकाची सोय असतां परदेश कशास, या प्रश्नास त्यांनीं तेथील शिक्षण अपुरें असल्याचें सांगितलें. बहिष्काराविषयींचें उत्तर तर थेट कलिवर्ज्यास भिडतें: येथें राहतें तशीच मी तेथें राहणार, मग मला वाळीत टाकण्याचें कारण काय? हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन. दोष समुद्राच्या पाण्यांत नसून आचारत्यागांत आहे, हें म्हणणें अनेक शास्त्री मंडळींस पुढें वीस वर्षें सुचलें नाहीं. त्या वेळीं त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या!

७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ जहाजानें निघाल्या व जूनमध्यें न्यूयॉर्कास उतरल्या. पति बरोबर नव्हते. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांत तीन वर्षें काढून ११ मार्च १८८६ रोजीं त्यांनीं एम्. डी. पदवी घेतली; समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. आम्हां संस्कृतवाल्यांस विशेष वाटावें तें हें कीं, त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. अमेरिकन पाठ्यग्रंथांच्या जोडीला त्यांनीं आयुर्वेदाचा आधार घेतला. साडी व शाकाहार त्यांनीं त्या थंडींत सोडला नाहीं. श्रीरामपूरचा शब्द त्यांनीं पाळला. त्याची किंमत प्रकृतीनें किती दिली, तें वैद्यांनीं सांगावें. क्षयाची बाधा तेथेंच झाली.

कोल्हापूर संस्थानानें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रीविभागाचें प्रमुखपद त्यांस दिलें होतें. नोव्हेंबर १८८६ मध्यें त्या मुंबईस उतरल्या, पण कामावर रुजू होणें घडलें नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास, बाविसावें वर्ष पुरें होण्याआधींच, त्यांचा अंत झाला. रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली व न्यूयॉर्क प्रांतांत पोकीप्सी येथें त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेविली गेली. विद्येसाठीं हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा लेख तेथील शिळेवर आहे. परत आल्याचा उल्लेख त्यांत नाहीं.