सिव्हिल लाइन्सची सीमा : सुभद्राकुमारी चौहान यांची लोकप्रतिनिधी म्हणून वाटचाल

ब्रिटिश अमदानीत वाढलेल्या हिंदुस्थानातील बहुतेक शहरांची रचना दुहेरी होती. एका बाजूला बाजार, मंदिरे, मशिदी आणि दाटीची देशी वस्ती. दुसऱ्या बाजूला रुंद रस्ते, प्रशस्त आवारांतील बंगले आणि साहेबांच्या कचेऱ्या यांनी व्यापलेली ‘सिव्हिल लाइन्स’. नर्मदेच्या परिसरातील जबलपूर या रचनेला अपवाद नव्हते. कोतवालीभोवतीचे जुने शहर आणि रेल्वे स्थानकाच्या बाजूची सिव्हिल लाइन्स यांच्यातील अंतर पायी सहज तोडता येण्याजोगे होते. परंतु राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यामधील सारे अंतर त्यात सामावले होते. जबलपूरच्या सुभद्राकुमारी चौहान यांच्या राजकीय जीवनाचा आरंभ ही सीमा ओलांडण्याच्या प्रयत्नातून झाला. ‘झाँसी की रानी’ या कवितेच्या कर्त्या म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेत त्या दोनदा निवडून आल्या होत्या, ही गोष्ट मात्र त्या कीर्तीमागे झाकली गेली.

सुभद्राकुमारींचा जन्म १६ ऑगस्ट १९०४ रोजी, नागपंचमीला, अलाहाबादजवळील निहालपूर येथे झाला. अलाहाबादच्या क्रॉस्थवेट कन्याशाळेत महादेवी वर्मा त्यांच्या धाकट्या मैत्रीण होत्या. १९१९ मध्ये खांडव्याच्या ठाकूर लक्ष्मणसिंह चौहान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लक्ष्मणसिंह वकिलीचे शिक्षण घेतलेले, नाटककार आणि राष्ट्रीय विचारांचे होते. पतिपत्नींनी जबलपूर ही आपली कर्मभूमी मानली. १९२० मध्ये याच शहरातून माखनलाल चतुर्वेदी यांच्या संपादकत्वाखाली ‘कर्मवीर’ हे पत्र निघू लागले होते. त्याच्या उभारणीत माधवराव सप्रे यांचा वाटा होता. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे सप्रे मराठीभाषक होते, हे लक्षात घेतले म्हणजे जबलपूरच्या राष्ट्रीय जीवनात मराठी आणि हिंदी हे दोन प्रवाह कसे एकत्र वाहत होते याची कल्पना येते. असहकाराची हाक आली तेव्हा सुभद्राकुमारींनी शाळा सोडली. नववीच्या पुढे त्यांचे शिक्षण झाले नाही.

१९२३ च्या झेंडा सत्याग्रहाची ठिणगी जबलपुरातच पडली. नगरपालिकेच्या टाउन हॉलवर चरख्याचे चिन्ह असलेला राष्ट्रीय झेंडा फडकला आणि त्याची वार्ता थेट इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत पोहोचली. पुढे असा झेंडा लावण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा गांधीजींच्या शिक्षेला एक वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी, १८ मार्च १९२३ रोजी, पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली मनाई मोडून मिरवणूक काढण्यात आली. पोलिसांनी झेंडा हिसकावून घेतला व सुंदरलालांना कारावास झाला. या मिरवणुकीतील कार्यकर्त्यांत चौहान दांपत्य होते.

जबलपूरचा प्रश्न लवकरच प्रांताच्या राजधानीचा प्रश्न झाला. नागपुरात १३ एप्रिल रोजी झेंडा घेऊन निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्सच्या सीमेवर अडविण्यात आली. झेंडा शहरात कोठेही न्यावा, युरोपियनांच्या वस्तीत तो नेता येणार नाही, असा सरकारचा पवित्रा होता. १ मेपासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींच्या तुकड्या रोज त्या सीमेकडे निघू लागल्या आणि रोज अटक होऊ लागली. जमनालालजींना अटक झाल्यानंतर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या दीड हजारांहून अधिक सत्याग्रहींनी तुरुंग भरले. अखेर १८ ऑगस्ट १९२३ रोजी मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेली आणि लढा थांबला. या लढ्यात अटक झालेल्या पहिल्या महिला सत्याग्रही म्हणून सुभद्राकुमारींचे नाव घेतले जाते. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते.

या सत्याग्रहाचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यात करबंदी नव्हती, संप नव्हता. मागणी इतकीच होती, की आपल्याच शहरातील एका रस्त्यावरून आपला झेंडा घेऊन चालता यावे. सार्वजनिक जागा कोणाच्या, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला. स्त्रीच्या बाबतीत हा प्रश्न दुपटीने तीव्र होता. ठाकूर घराण्याच्या सुनेने पडदा सोडून रस्त्यावर येणे, ही त्या काळी सिव्हिल लाइन्सच्या सीमेआधी ओलांडावी लागणारी पहिली सीमा होती. सुभद्राकुमारींनी ती सासरी येताच ओलांडली होती.

पुढील दशकात संसार, मुलांचे संगोपन, काँग्रेसचे काम आणि लेखन हे सारे एकाच वेळी चालू राहिले. १९३० मध्ये ‘मुकुल’ हा कवितासंग्रह आणि १९३२ मध्ये ‘बिखरे मोती’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. हिंदी साहित्य संमेलनाचे सेकसरिया पारितोषिकही त्यांना मिळाले. राणी लक्ष्मीबाईंवरील त्यांची कविता सभांतून, प्रभातफेऱ्यांतून गायिली जाऊ लागली. मराठी वाचकाला राणीचे चरित्र द. ब. पारसनीस यांच्या १८९४ मधील ग्रंथातून आणि विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मधून परिचित होते. सुभद्राकुमारींनी ते बुंदेलखंडातील हरबोल्यांच्या गायनपरंपरेशी जोडून हिंदी प्रदेशातील घराघरांत पोहोचविले. या कवितेने त्यांना जी ओळख दिली, तिचे राजकीय मोल काँग्रेसलाही कळत होते.

१९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभा अस्तित्वात आल्या. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ जागा होत्या. त्यांपैकी तीन स्त्रियांसाठी राखीव होत्या. अखिल भारतीय महिला परिषदेसारख्या संघटनांनी राखीव जागांपेक्षा प्रौढ मताधिकाराची मागणी आग्रहाने केली होती, पण ती मान्य झाली नाही. मताधिकार मालमत्ता, शिक्षण यांसारख्या अटींना बांधलेला राहिला. अनेक स्त्रियांना तो पतीच्या पात्रतेवरून, त्याची पत्नी म्हणून मिळाला. अशा मर्यादित चौकटीत झालेल्या निवडणुकीत काँग्रेसने ७० जागा जिंकल्या आणि जबलपूरच्या महिला जागेवरून सुभद्राकुमारी बिनविरोध निवडून आल्या. बिनविरोध निवडीत प्रचाराच्या सभा होत नाहीत, की मतांची मोजणी होत नाही. पंधरा वर्षांचे सत्याग्रह, खादीचे काम आणि लोकांच्या ओठी बसलेली कविता हाच त्यांचा प्रचार होता.

विधानसभेचे स्थान नागपूरला होते आणि तिची इमारत नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये होती. महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आज तेथेच भरते. १९२३ मध्ये ज्या वस्तीच्या सीमेवर झेंडा घेतलेल्या सत्याग्रहींना पकडले जात होते, त्याच वस्तीत चौदा वर्षांनी सुभद्राकुमारी लोकप्रतिनिधी म्हणून गेल्या. त्यांच्यासोबत सभागृहात नागपूरच्या अनसूयाबाई काळे होत्या. सभागृहाने त्यांची उपाध्यक्षपदी निवड केली. जबलपूरची हिंदी कवयित्री आणि नागपूरची मराठी कार्यकर्ती यांचे एका सभागृहातील हे साहचर्य त्या द्विभाषिक प्रांताचेच एक रूप होते.

तथापि ही सत्ता सुखाची नव्हती. जुलै १९३७ मध्ये डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ आले. एका वर्षातच महाकोशल आणि मराठी भागांतील नेत्यांचे वैर विकोपाला गेले, आणि जुलै १९३८ मध्ये खरे यांच्या जागी पंडित रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री झाले. खेड्यातील शिक्षणासाठी शुक्ल यांनी पुढाकार घेतलेली ‘विद्यामंदिर’ योजना, दारूबंदी आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा हे या काळातील प्रमुख उपक्रम होते. मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळ त्रिपुरी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात सुभाषचंद्र बोस आणि ज्येष्ठ नेते यांच्यातील तेढ साऱ्या देशाने पाहिली. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि नोव्हेंबरात काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सभागृहाचे दरवाजे बंद झाले आणि तुरुंगाचे दरवाजे पुन्हा उघडले. वैयक्तिक सत्याग्रहात आणि त्यानंतर १९४२ च्या आंदोलनात सुभद्राकुमारींना कारावास घडला.

या कारावासाच्या अनुभवाचा ठसा त्यांच्या ‘राही’ या कथेवर दिसतो. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सीधे-सादे चित्र’ या संग्रहात ती आहे. अनिता ही सत्याग्रही स्त्री तुरुंगात आहे. राजबंदिनी म्हणून तिला काही सवलती आहेत. तेथे तिची गाठ राहीशी पडते. पोरांच्या भुकेपायी धान्य चोरल्याबद्दल राहीला शिक्षा झाली आहे. ती ज्या जमातीची आहे ती जन्मतः चोर समजली जाते. राहीच्या हकिगतीने अनिता अस्वस्थ होते. आपल्या त्यागात कीर्तीची ओढ किती आणि खरी देशसेवा किती, असा प्रश्न तिला पडतो. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याची पार्श्वभूमी या कथेला आहे; तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांचे आत्मकथन मराठी साहित्यात येण्यास त्यानंतरही बराच काळ जावा लागला. स्वतः लोकप्रतिनिधी असलेल्या लेखिकेने, ज्यांना मतही नव्हते अशा स्त्रीच्या नजरेतून आपल्याच पक्षाच्या त्यागाकडे पाहावे, हे या कथेचे वेगळेपण होय. ज्यांच्या नावाने आपण बोलतो त्यांच्यापासून आपण किती दूर आहोत, ही जाणीव त्या कथेत आहे. तुरुंगाच्या भिंतीआडही एक सिव्हिल लाइन्स असते, हे त्यांनी ओळखले होते.

हाच कस त्यांनी घरातही लावला. कन्या सुधा यांचा विवाह प्रेमचंदांचे पुत्र अमृतराय यांच्याशी जातीबाहेर झाला. त्या वेळी माणसाचे दान करता येत नाही, या भूमिकेवरून सुभद्राकुमारींनी कन्यादानाचा विधी नाकारला. महादेवी वर्मांनी ‘पथ के साथी’मध्ये त्यांचे जे व्यक्तिचित्र रेखाटले आहे, त्यात ही आठवण आली आहे. सभेत एक आणि स्वयंपाकघरात दुसरे, अशी दुटप्पी वागणूक त्यांच्या स्वभावात नव्हती.

१९४६ च्या निवडणुकीत त्या पुन्हा विधानसभेवर आल्या. पुढील वर्षी स्वातंत्र्य मिळाले. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि १२ फेब्रुवारीला त्यांच्या अस्थींचा काही भाग जबलपूरच्या तिलवारा घाटावर नर्मदेत विसर्जित करण्यात आला. शोकाचे ते दिवस सरले नव्हते तोच शिक्षणखात्याच्या एका बैठकीसाठी सुभद्राकुमारी नागपूरला गेल्या. १५ फेब्रुवारीला, वसंतपंचमीच्या दिवशी, मोटारीने जबलपूरला परतताना सिवनीजवळ अपघात होऊन त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी त्या त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. देशासाठी शाळा अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलीचा शेवटचा प्रवास इतरांच्या शाळेच्या कामासाठी झाला. सर्व प्रौढांना मताधिकार देणारी पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. राहीसारख्या स्त्रीच्या हाती मतपत्रिका आलेली पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

२७ नोव्हेंबर १९४९ रोजी जबलपूरच्या नगरपालिकेच्या आवारात महादेवी वर्मांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. नगरपालिकेच्या टाउन हॉलवर फडकलेल्या झेंड्यावरून ज्या शहरात लढा पेटला होता, त्या शहरात हे स्थळ सर्वथा उचित ठरले. १९७६ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले; २००६ मध्ये तटरक्षक दलाच्या एका नौकेला त्यांचे नाव देण्यात आले. या गौरवांत कवयित्री आणि स्वातंत्र्यसेनानी आहेत, परंतु विधानसभेची सदस्या फारशी दिसत नाही. याचे एक कारण प्रांताच्या इतिहासातच आहे. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली. नागपूर व वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि उच्च न्यायालयाचे शहर झाले. ज्या सभागृहात त्या बसल्या ते एका राज्याकडे गेले आणि ज्या शहराने त्यांना निवडून दिले ते दुसऱ्याकडे. हिंदी वाचकाने कवयित्री आपली म्हणून जपली. मराठी वाचकाला नागपूरच्या त्या सभागृहातील जबलपूरची प्रतिनिधी परकी वाटली. दोन भाषांच्या वाटणीत ही एकसंध कारकीर्द दुभंगली.

लोकप्रतिनिधीचे मोल त्याने भूषविलेल्या पदांवरून करण्याची रीत आहे. सुभद्राकुमारी मंत्री झाल्या नाहीत. त्यांच्या नावाने एखादा कायदाही ओळखला जात नाही. परंतु रस्ता, सभागृह, तुरुंग आणि घर या चारही ठिकाणी, आत कोणाला घेतले जाते आणि बाहेर कोणाला ठेवले जाते, याकडे त्यांची दृष्टी होती. सीमेबाहेर उभे असताना त्यांनी ती ओलांडण्यासाठी कारावास पत्करला आणि आत गेल्यानंतरही बाहेर राहिलेल्यांना त्या विसरल्या नाहीत. सत्तेच्या वस्तीत प्रवेश मिळालेल्या कोणत्याही प्रतिनिधीची कसोटी आजही याहून निराळी नाही.