फळीखालच्या तारा

मॉडेल रेल्वेच्या छंदाचा इतिहास सांगताना एक वाक्य हमखास येते: डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे डीसीसी, आले आणि सगळे वायरिंग दोन तारांवर आले. त्याआधी प्लायवूडच्या फळीखाली तारांचे रान माजलेले असे, नंतर ते साफ झाले, असा त्याचा सूर असतो. वाक्य खोटे नाही, पण ते टेबलावर मावणाऱ्या मांडणीपुरतेच खरे आहे. एखाद्या क्लबने दहा-पंधरा वर्षे खपून उभारलेल्या, हॉलभर पसरलेल्या मांडणीखाली वाकून पाहिले, तर तारा आजही ढीगभर दिसतात आणि त्यांतल्या काही तर पूर्वीपेक्षा जाड झालेल्या दिसतात. म्हणून डीसीसीने तारा कमी केल्या असे म्हणण्यापेक्षा तारांचे काम बदलले असे म्हणणे मला अधिक रास्त वाटते. पूर्वी कोणती गाडी कोणाच्या ताब्यात आहे हे तार ठरवत असे. ते ठरवणे इंजिनाच्या पोटात गेले आणि तारेकडे केवळ वीज पोहोचवणे उरले. हे उरलेले काम मात्र सगळ्यांच्या अंदाजापेक्षा जड निघाले.

मुळात अडचण कशी उभी राहिली ते पाहू. दोन रुळांच्या मॉडेल रेल्वेत रूळ हीच वाहिनी. रुळांना १२ व्होल्टपर्यंतचा डीसी पुरवठा द्यायचा. व्होल्टेज वाढवले की वेग वाढतो, धन-ऋण उलटे केले की गाडी उलटी धावते. यात सूचना गाडीला नव्हे, रुळाला दिली जाते. एकाच रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकदमच निघणार आणि एकदमच थांबणार. १९३५ साली जर्मनीच्या ट्रिक्स कंपनीने तीन रुळांची युक्ती करून एकाच मार्गावर दोन गाड्या स्वतंत्रपणे चालवून दाखवल्या. पण दोन गाड्यांनी कोणाचे समाधान होणार? अमेरिकेत रुळलेला उपाय वेगळा होता. रूळ ठरावीक अंतरावर कापायचे, प्रत्येक तुकड्याला, म्हणजे ब्लॉकला, स्वतंत्र तारा द्यायच्या आणि पॅनेलवरच्या स्विचने तो ब्लॉक या नाहीतर त्या कंट्रोलरला जोडायचा. ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाचे लिन वेस्टकॉट यांनी या पद्धतीचे शास्त्र लिहून काढले आणि दोन पिढ्यांनी त्यावरून वायरिंग शिकले. खऱ्या रेल्वेतही एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी असते, त्यामुळे ही शिस्त कोणाला उपरी वाटली नाही. तारांचा हिशेब मात्र फुगत गेला. ४० ब्लॉक आणि ४ चालक असतील, तर प्रत्येक ब्लॉकला चार पर्याय देणारा स्विच हवा, म्हणजे १६० जोडण्या. त्यात मार्ग बदलणाऱ्या सांध्यांच्या मोटारी आणि सिग्नल अजून धरलेलेच नाहीत.

या पद्धतीचे टोक पाहायचे तर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडे, म्हणजे एमआयटीकडे, जावे लागते. तिथल्या टेक मॉडेल रेलरोड क्लबची स्थापना १९४६ची. युद्धकाळात घाईने उभारलेल्या बिल्डिंग २० मध्ये त्याची मांडणी होती. क्लबमध्ये दोन प्रकारचे लोक असत. काहींना डोंगर, घरे, डबे रंगवण्यात रस. काहींना फळीखालच्या भागात. दुसऱ्या गटाने टेलिफोन एक्स्चेंजचे रिले जमवून अशी यंत्रणा उभी केली, की टेलिफोनच्या डायलवरून हव्या त्या ब्लॉकचा ताबा मिळवता येई. स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ च्या ‘हॅकर्स’ या पुस्तकाची सुरुवात याच मंडळींपासून केली, कारण यांतलेच काही जण पुढे संगणकाकडे वळले आणि ‘हॅक’ हा शब्द क्लबच्या बोलीतून संगणकाच्या जगात गेला. आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे हे, की त्या फळीखाली तारांचा नुसता गुंता नव्हता. गाडी कुठे आहे, ती कोण चालवतो, पुढचा ब्लॉक मोकळा आहे का, ही सारी माहिती तिथल्या रिले आणि तारांत साठवलेली होती. तारांची संख्या ही त्या माहितीची किंमत होती.

सूचना रुळाऐवजी थेट इंजिनाला द्यावी, ही कल्पना डीसीसीच्या कितीतरी आधीची. जनरल इलेक्ट्रिकने १९६०च्या दशकात अ‍ॅस्ट्रॅक नावाची पाच गाड्यांची प्रणाली विकायला आणली. १९७९ मध्ये ब्रिटनच्या हॉर्नबीने झिरो वन आणली. तिच्यावर १६ इंजिने स्वतंत्र चालत. १९८०च्या दशकाच्या मध्यावर मार्क्लिन कंपनीची डिजिटल प्रणाली आली. तिकडे अमेरिकेत ब्रूस चब यांनी १९८५ पासून नेमका उलटा मार्ग मांडला: ब्लॉक तसेच ठेवा, पण स्विच फिरवण्याचे काम संगणकाकडे द्या. तंत्र म्हणून यांतले काहीच टाकाऊ नव्हते. पण इंजिनात डीकोडर, म्हणजे सूचना ओळखणारा भाग, बसवायचा तर तो सगळ्या इंजिनांत बसवावा लागतो आणि एका कंपनीच्या भरवशावर शंभर इंजिने उघडून बसायला छंदी माणूस धजत नाही. कंपनीने उत्पादन बंद केले की सगळेच अडले. ही कोंडी फोडली ती नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या १९३५ पासूनच्या छंदी लोकांच्याच संघटनेने. तिच्या समितीने उपलब्ध प्रणाली तपासल्या, जर्मनीतल्या बर्न्ड लेन्झ यांच्या कंपनीची पद्धत पाया म्हणून घेतली आणि १९९४ मध्ये विजेचा संकेत व संदेशाची रचना यांची मानके जाहीर केली. ती कोणत्याही उत्पादकाला खुली होती. त्यामुळे एकाचा डीकोडर दुसऱ्याच्या यंत्रावर चालू लागला. चाके आणि रुळांची मापे ठरवणाऱ्या संघटनेला संदेशांचीही मापे ठरवावीशी वाटली, हेच मला डीसीसीच्या यशाचे खरे कारण दिसते.

आता तारेकडे वळू. डीसीसीत रुळांवर सतत साधारण १५ व्होल्टचा, दिशा बदलत राहणारा पुरवठा असतो आणि संदेश त्या बदलण्याच्या लयीतच गुंफलेला असतो. अर्धे आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचे असेल तर तो ‘एक’, १०० किंवा त्याहून अधिक असेल तर ‘शून्य’. इंजिनातला डीकोडर आपला क्रमांक आला की तेवढाच संदेश उचलतो. वीजही तीच आणि निरोपही तोच. साहजिकच तार बारीक असली किंवा जोड ढिला असला, की दोन्ही बिघडतात. डीसीच्या काळात एका ब्लॉकमधून एका गाडीपुरता, फार तर अ‍ॅम्पियरभर प्रवाह जाई. आता एकाच बूस्टरमधून, म्हणजे रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्रातून, ५ अ‍ॅम्पियर सगळ्या गाड्यांसाठी एकत्र जातात. अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या तारेने १० मीटरवर एवढा प्रवाह नेला, तर जाण्यायेण्यात साडेतीन व्होल्टच्या वर वाटेतच गळतात. आपल्याकडे घरात पॉवर पॉइंटला वापरतात ती अडीच स्क्वेअर एमएमची तार घेतली, तर ही गळती पाऊण व्होल्टच्या आसपास येते. मग रूळच वापरू, असे म्हणता येत नाही. रूळ ज्याचे असतात ते निकेल सिल्व्हर तांब्याच्या कितीतरी पट अधिक रोध करते आणि रूळ जोडणाऱ्या पट्ट्या काळाने सैल होतात. म्हणून फळीखाली जाड मुख्य तारा आणि दर मीटर-दीड मीटरवर रुळाला डाग देऊन सोडलेले फीडर, अशी रचना रूढ झाली. मोठ्या मांडणीत या फीडरांची संख्याच शेकड्यांत जाते.

जाडीचे दुसरे कारण सुरक्षेचे आहे आणि ते पटकन ध्यानात येत नाही. डबा घसरला की शॉर्टसर्किट होते आणि बूस्टरने प्रवाह मर्यादेबाहेर गेलेला ओळखून पुरवठा तोडणे अपेक्षित असते. पण १५ व्होल्टवर ५ अ‍ॅम्पियरची मर्यादा ओलांडायला वाटेतला एकूण रोध ३ ओहमपेक्षा कमी हवा. बारीक तारा, लांब रूळ आणि सैल जोडपट्ट्या मिळून तो त्याच्या वर गेला, तर बूस्टरला शॉर्ट दिसतच नाही. तो इमानेइतबारे चार-साडेचार अ‍ॅम्पियर देत राहतो आणि साठेक वॅटची उष्णता वाटेतल्या जोडांत आणि घसरलेल्या डब्याच्या चाकांजवळ वाटली जाते. तेवढ्यात प्लॅस्टिक वितळते. यासाठी जाणकार नव्या मांडणीवर नाणे घेऊन फिरतात, जागोजागी ते दोन रुळांवर आडवे टेकवतात आणि प्रत्येक ठिकाणी पुरवठा तुटतो की नाही ते पाहतात. डीसीच्या जमान्यात ही चाचणी कोणाला सुचण्याचे कारणच नव्हते.

आणि मग ब्लॉक परत आले. एका टोकाला डबा घसरला आणि सगळा हॉल ठप्प झाला, असे दोनदा झाले की क्लब रूळ पुन्हा कापतो आणि प्रत्येक विभागाला वेगळा ब्रेकर किंवा बूस्टर देतो. आवाज करणाऱ्या डीकोडरांनी यात भर घातली: पुरवठा परत येताच पन्नास इंजिनांतले कपॅसिटर एकदम वीज ओढतात आणि बूस्टरला तो नवा शॉर्ट वाटतो. वळसा घेऊन स्वतःलाच मिळणारा मार्ग तर डीसीसीतही कापावाच लागतो, कारण तिथे डावा रूळ उजव्याला भिडतो; फक्त आता हाताने स्विच फिरवण्याऐवजी एक यंत्र क्षणार्धात जोडणी उलटवते आणि गाडीला त्याचा पत्ता लागत नाही.

यावर आक्षेप असा, की हे विभाग म्हणजे जुने ब्लॉक नव्हेत. ते फक्त बिघाड आवरतात, चालकाला त्यांची दखलही घ्यावी लागत नाही. आक्षेप बरोबर आहे आणि डीसीसीची खरी कमाई त्यातच आहे. पॅनेलपाशी बसून ब्लॉक फिरवणारा माणूस हातात कंट्रोलर घेऊन गाडीबरोबर चालू लागला. पण मोठ्या मांडणीत सिग्नल हवे असतात, संगणकाने गाड्या चालवायच्या असतात, आणि तिथे डीसीसीची मूळ मर्यादा उघडी पडते. तिची भाषा एकतर्फी आहे. ७ क्रमांकाच्या इंजिनाला वेग वाढवायला सांगता येते, पण ते कुठे आहे हे यंत्राला कळत नाही. पुढे लेन्झ यांच्याकडूनच रेलकॉम आले आणि डीकोडर उत्तर देऊ लागला; तरी ते उत्तर कोणत्या तुकड्यावरून आले, हे कळायला तो तुकडा वेगळा कापून त्यावर संवेदक बसवावाच लागतो. हॅम्बुर्गच्या मिनिआटूर वुंडरलांडमध्ये, २००१ पासून वाढत गेलेल्या आणि आता १५ किलोमीटरहून अधिक रूळ असलेल्या मांडणीत, संगणक हजारभर गाड्या सांभाळतात ते तुकड्या-तुकड्यांवरून येणाऱ्या या खबरीच्या जोरावर. एमआयटीच्या रिलेंना जे कळत होते तेच इथे संगणकाला कळावे लागते. पुण्यात कोथरूडचे जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना १:८७ प्रमाणातले एवढे रूळ म्हणजे केवढा पसारा याची कल्पना येईल.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे: इंजिनात बॅटरी आणि रेडिओ बसवला की रुळाला वीजच नको, मग तार कशाला? बागेतल्या मोठ्या प्रमाणाच्या गाड्यांत हे होते आहे आणि तिथे ते शहाणपणाचेही आहे, कारण उन्हापावसात रूळ स्वच्छ ठेवणे जिकिरीचे असते. पण १:८७ च्या शंटिंग इंजिनात मोटार, डीकोडर आणि स्पीकर बसवल्यावर बॅटरीला फारशी जागा उरत नाही आणि शेकडो इंजिने रोज चार्ज करणे हे कोणत्याही क्लबला परवडणारे काम नव्हे. समजा, बॅटऱ्या उद्या लहान झाल्या; तरी गाडी कोणत्या तुकड्यावर आहे हे सांगणारी तार त्या फळीखाली राहील आणि सांध्यांच्या मोटारींच्या ताराही राहतील. जाईल ती अडीच स्क्वेअर एमएमची जाड जोडी, म्हणजे नेमक्या त्या दोन तारा, ज्यांच्या नावावर डीसीसी विकले गेले.