मेण्याचा पडदा आणि मोटारीची काच

पेशवेकालीन कागदपत्रे चाळणाऱ्या अभ्यासकाला ‘पालखीपदस्थ’ हा शब्द वारंवार भेटतो, आणि रस्त्यावरून कोणी कसे जावे या गोष्टीला त्या काळी केवढे महत्त्व होते याची साक्ष त्या एका शब्दातून पटते. पालखीत बसणे ही केवळ प्रवासाची सोय नव्हती. हुजुरातून ज्याला तो मान मिळाला, ज्याच्या पालखीच्या, भोयांच्या आणि अबदागिरीच्या खर्चासाठी सरकारातून नेमणूक करून दिली गेली, त्याने पालखीतून मिरवावे, असा दरबारी दस्तुर होता. सरदाराची ही पालखी उघडी असे. आत बसलेल्या पुरुषाचा चेहरा, त्याची पगडी, त्याचा शिरपेच हे सारे दुतर्फा उभ्या असलेल्या रयतेला दिसावे हाच तिचा हेतू होता. मेण्याची गोष्ट नेमकी याच्या उलट. ज्या घराण्यांत गोषा पाळला जाई त्या घराण्यांतील स्त्रिया मेण्यातून जात, आणि मेण्याच्या चारी अंगांना सकलादीचे किंवा बनातीचे पडदे सोडलेले असत, ते उचलून आत पाहणे हा केवळ उद्धटपणा नव्हे तर अपराध मानला जाई. पुरुषाचा मान दिसण्यात आणि स्त्रीचा मान न दिसण्यात, अशी ती विभागणी होती. आज आपल्या रस्त्यांवर मोटारीच्या काळ्या काचांवरून जो वाद चालतो, त्याचा इतिहास काच आणि प्लॅस्टिक यांच्यापासून सुरू न करता या मेण्याच्या पडद्यापासून सुरू करावा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

कारण पडद्यामागे मान असतो तसा संशयही असतो, ही जाणीव मोटारीहून कितीतरी जुनी आहे. शेरशहाने १५३८ साली रोहतासगड घेतला तो डोल्यांमध्ये स्त्रियांच्या मिषाने शिपाई बसवून, अशी हकीकत जुन्या तवारिखांत येते. तिच्या तपशिलाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु ती हकीकत खरी असो वा रचलेली, पडदा सोडलेली डोली पहारेकऱ्याने तपासावी की तिच्या मर्यादेचा मान राखून सोडून द्यावी, हा पेच त्या काळच्या लोकांना पुरता ठाऊक होता, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते.

इंग्रजी अंमलात मुंबईच्या रस्त्यांवर वाहने बदलली. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने भाड्याच्या गाड्यांविषयीचा कायदा केला. शिग्राम, रेंकला, दमणी अशा वाहनांची ती मुंबई होती. शिग्रामाला लाकडी झडपा असत, दमणीला कापडी पडदे असत, आणि आत कोण बसले आहे याची चौकशी करण्याचे कारण सरकारला सहसा पडत नसे. सरकारचे लक्ष गाडीचा परवाना, तिचा क्रमांक, तिचे भाडे आणि तिची घोडी यांवर होते. वाहन बाहेरून ओळखता आले म्हणजे पुरे, ही त्या काळच्या बंदोबस्ताची मर्यादा होती, आणि घोड्याच्या चालीने हिंडणाऱ्या शहराला ती पुरतही होती.

मोटार आली तेव्हा तिला काचच नव्हती म्हटले तरी चालेल. आरंभीच्या मोटारी वरून उघड्या, पाऊस आला की कापडी टप ओढावयाचा आणि बाजूंना अभ्रकाच्या किंवा सेल्युलॉइडच्या खिडक्या शिवलेले पडदे अडकवावयाचे, अशी त्यांची रचना होती. बंद मोटारींचा प्रघात पडल्यावर काच अपरिहार्य झाली, आणि काच म्हटली की फुटणे आले. या संकटातून वाट काढली ती एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. एदुआर बेनेदिक्तूस याच्या प्रयोगशाळेत १९०३ साली काचेचे एक पात्र उंचावरून पडले, तडकले, परंतु विखुरले नाही. पात्राच्या आतल्या अंगाला सेल्युलोज नायट्रेटचा पातळ पापुद्रा सुकून बसला होता आणि त्याने काचेचे सारे तुकडे धरून ठेवले होते. या निरीक्षणावरून त्याने दोन काचांच्या मध्ये पापुद्रा घातलेली काच सिद्ध केली आणि १९०९ साली तिचे पेटंट घेतले. आजच्या मोटारीची समोरची काच ही त्याच काचेची वंशज आहे. काचेला पापुद्रा जोडण्याची कल्पना प्रथम जन्मली ती माणसाचे रक्षण करण्यासाठी, ही गोष्ट पुढील हकीकतीत वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आपल्याकडे मात्र बंद मोटारीच्या काचेने मेण्याचे जुने काम पहिल्या दिवसापासून उचलले. संस्थानिकांच्या जनानी मोटारींना पडदे लावले जात, काहींना गडद काचा बसविल्या जात, आणि राणीसाहेबांनी बाहेरचे जग पाहावे पण जगाने त्यांना पाहू नये ही जुनी मर्यादा नव्या यंत्राच्या अंगी आणली जाई. याच पिढीत ती मर्यादा मोडणाऱ्याही स्त्रिया निघाल्या. पुण्यात जानेवारी १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. गोषा सोडून उघड्या सभेत बोलणाऱ्या या राजस्त्रीने त्या व्यासपीठावर जे केले, त्याचे मोल केवळ भाषणाच्या शब्दांवरून करता येणार नाही. पडदा स्त्रियांनी टाकला. तो उचलला पुढे सत्ताधाऱ्यांनी: स्वातंत्र्यानंतरच्या काळात पांढऱ्या अँबॅसडरच्या मागल्या खिडक्यांना लावलेले पडदे हे मंत्र्याचे आणि बड्या अधिकाऱ्याचे चिन्ह होऊन बसले, आणि मान दिसण्यात आहे हे पालखीपदस्थाचे तत्त्व सोडून, मान न दिसण्यात आहे हे मेण्याचे तत्त्व पुरुषांनी स्वतःसाठी स्वीकारले. लोकशाहीत हा उलटा प्रवास व्हावा याचे मला दुःख वाटते.

मध्यंतरी एक काळ असाही येऊन गेला की काळे करा असा हुकूम सरकारनेच द्यावा. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत शत्रूच्या विमानांना शहर दिसू नये म्हणून घरांच्या तावदानांना काळे कागद चिकटविले गेले आणि मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने झाकला गेला. ज्यांना १९७१ चा डिसेंबर आठवतो त्यांना त्या अंधाऱ्या रस्त्यांवर मोटार हाकणे केवढे जिकिरीचे होते हेही आठवत असेल.

खिडकीवर चिकटवावयाची रंगीत फिल्म अमेरिकेत १९६० च्या दशकात निघाली, आणि आपल्याकडे तिचा प्रसार झाला तो १९८३ नंतर मारुती मोटार मध्यमवर्गाच्या दारात येऊन उभी राहिल्यावर. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हे काम करणारे कारागीर मी पुष्कळदा पाहत उभा राहिलो आहे. काच धुऊन तिच्यावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारावयाचा, मापाने कापलेल्या फिल्मचे मागचे आवरण सोलून ती ओल्या काचेवर सरकवत बसवावयाची, रबरी पट्टीने मधले पाणी मध्यापासून कडेकडे ढकलत न्यावयाचे, मागच्या काचेची गोलाई आली की गरम हवेच्या यंत्राने फिल्म ऊन करून तिला तो आकार घ्यावयास लावावयाचा, आणि शेवटी पात्याच्या टोकाने कडा अशा छाटावयाच्या की काचेवर ओरखडा उमटू नये. एक बुडबुडा राहिला तरी सारे काम पुन्हा. हलक्या प्रतीची रंगवलेली फिल्म दोनचार उन्हाळ्यांत जांभळी पडते, हे ते कारागीर स्वतःच सांगतात. हा हुन्नर आहे, आणि त्यावर पोट भरणाऱ्या माणसांविषयी मला आदर आहे.

गिऱ्हाइकाची समजूत मात्र बहुधा अशी की काच जितकी काळी तितकी मोटार थंड. हे अर्धसत्य आहे. सूर्याच्या तापाचा जवळजवळ अर्धा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येतो. ते किरण अडविणारी फिल्म दिसण्यात जवळजवळ निर्मळ असू शकते, आणि केवळ काळा रंग भरलेली फिल्म प्रकाश अडवूनही स्वतः तापून आतली हवा तापवीत राहते. म्हणजे उन्हाचा निवारा आणि डोळ्यांचा आडोसा या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुकानात त्या एकाच नावाने विकल्या जातात.

कायद्याने या दोहोंमध्ये एक रेघ ओढली ती आकड्यांची. १९१४ आणि १९३९ च्या मोटार कायद्यांनंतर १९८८ चा कायदा आला, त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ साली अंमलात आले, आणि त्यांतील शंभराव्या नियमाने असे ठरविले की समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश पार गेला पाहिजे. या आकड्यांत एक गुणाकार दडलेला आहे, आणि तो न कळल्यामुळे सद्भावनेने वागणारा मनुष्यही दंडास पात्र होतो. कारखान्यातून आलेली हिरवट काच स्वतःच काही प्रकाश अडविते. ती ८० टक्के प्रकाश जाऊ देत असेल आणि तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली, तर उरतो तो ५० टक्के नव्हे, ८० चा निम्मा, म्हणजे ४० टक्के. बाजूच्या त्या काचेची मर्यादा राखावयाची तर फिल्म निदान ६३ टक्क्यांची हवी, आणि समोरच्या काचेवर तर जवळजवळ पारदर्शक फिल्मलाच जागा उरते.

नियम झाला, पण दोन तपे तो कागदावरच निजला म्हणावयास हवे. काळ्या काचांच्या मोटारी अपहरणासाठी, लुटीसाठी आणि स्त्रियांवरील अत्याचारांसाठी वापरल्या जातात, अशी तक्रार घेऊन अविषेक गोयंका या कलकत्त्याच्या नागरिकाने २०११ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सरन्यायाधीश कपाडिया, न्यायमूर्ती पटनाईक आणि न्यायमूर्ती स्वतंत्रकुमार यांच्या पीठाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला. नियमाने जे प्रमाण सांगितले आहे ते काचेच्या घडणीतूनच आले पाहिजे, तिच्यावर वरून काहीही चिकटविण्यास नियमात आधार नाही, सबब फिल्म कितीही फिकी असली तरी ती नियमबाह्य, असा तो अर्थ होता. ४ मेपासून अंमलबजावणी सुरू झाली, आणि त्या महिन्यात चौकाचौकांत शिपाई काचांवरची फिल्म सोलून काढताना दिसू लागले; दंड शंभर रुपयांचा. फिल्मच्या उत्पादकांनी व इतरांनी केलेले अर्जही न्यायालयाने ३ ऑगस्टला फेटाळले. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीत एका तरुणीवर जो भीषण अत्याचार झाला, तो जिच्यात घडला त्या खासगी बसला काळी फिल्मही होती आणि पडदेही होते. हे वाचल्यावर शंभराव्या नियमाला क्षुल्लक म्हणण्याचे धैर्य निदान मला तरी होत नाही.

निकालात एक अपवाद होता. झेड आणि झेड-प्लस दर्जाचे संरक्षण असलेल्या व्यक्तींच्या मोटारींना काळ्या काचांची मुभा देता येईल, पण ती समितीने विचार करून. जिवाला खरोखर धोका असलेल्यांना आडोसा नाकारावा असे कोणी म्हणणार नाही. मात्र ही सवलत सनदेसारखी मिरविली जाऊ लागली, तर पालखीच्या नेमणुकीचे दिवस परत येण्यास वेळ लागणार नाही.

पुढे दंड वाढला: २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या अपराधाला ५०० आणि पुढल्याला १५०० रुपये झाले. पण खरा बदल झाला तो नियमाच्या शब्दांत. १ एप्रिल २०२१ पासून शंभराव्या नियमात सुरक्षा काचेच्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ ही संज्ञा आली, आणि २०१९ च्या भारतीय मानकानुसार तिच्या अर्थात आतल्या अंगाला प्लॅस्टिकचा थर असलेली काचही बसू लागली; बेनेदिक्तूसच्या पात्रातला पापुद्रा अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात पुन्हा प्रकटला. या आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये असा निर्णय दिला की ७० आणि ५० ची मर्यादा राखणारी फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही. तो निर्णय इतर राज्यांतील न्यायालयांना मार्गदर्शक असला तरी बंधनकारक नाही. मला तो अर्थ ग्राह्य वाटतो. विदर्भातल्या वैशाखात मोटार चालविणाऱ्याचा उन्हापासून रक्षण मागण्याचा हक्क खरा आहे; आणि तितकाच खरा हक्क रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याचा आहे, ज्याला समोरच्या चालकाने आपल्याला पाहिले की नाही हे त्याच्या डोळ्यांवरून ताडता आले पाहिजे. पावसाळ्यातल्या रात्री कशेडी किंवा आंबेनळी घाट उतरणाऱ्या चालकाला तर काचेतून येणारा प्रकाशाचा प्रत्येक अंश हवा असतो. आकड्याची मर्यादा या दोन्ही हक्कांना जागा देते. सरसकट बंदी एकाला देते आणि सरसकट मोकळीक दुसऱ्याला. परंतु आकड्याचा कायदा नजरेच्या अंदाजाने चालवता येत नाही. काचेतून किती प्रकाश पार जातो हे मोजणारे लहानसे यंत्र असते, आणि ज्या चौकीवर ते नाही तेथे दंड करणेही अन्यायाचे आणि सोडून देणेही अन्यायाचे ठरते. ते यंत्र प्रत्येक वाहतूक चौकीवर असावे, ही मागणी नागरिकांनी सरकारकडे लावून धरली पाहिजे.

तोपर्यंत मोटार बाळगणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. समोरची काच कारखान्याने दिली तशीच राहू द्या. बाजूच्या काचांना फिल्म लावावयाचीच असेल तर आधी आपल्या राज्यात अंमल कसा चालतो याची चौकशी करा. मग दुकानदाराकडून तुमच्या काचेसह मोजलेला आकडा मागा, नुसत्या फिल्मचा नव्हे, आणि तो त्याच्याकडून पावतीवर लिहून घ्या.