आकडे बरोबर, पण ठोका सरकलेला: टी-वन लाइनमधला जिटर

डिजिटल म्हणजे बिनचूक, असं आपण सहज बोलून जातो. १९३७-३८च्या सुमारास ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनिअरने पॅरिसमध्ये पल्स कोड मॉड्युलेशनची कल्पना मांडली, तेव्हा त्यातलं आकर्षण हेच होतं. तोपर्यंत लांबच्या टेलिफोन लाइनवर ठरावीक अंतरावर ॲम्प्लिफायर असायचे आणि ते बोलण्याबरोबर खरखरही वाढवायचे. कानगोष्टींचा खेळच तो. रीव्ह्जचं म्हणणं असं, की आवाज मोजा आणि त्याचे आकडे पाठवा. मग मधल्या रिपीटरला ‘पल्स आहे की नाही’ एवढंच ठरवायचं, आणि असेल तर नवीकोरी पल्स पुढे सोडायची. खरखर तिथल्या तिथे संपली.

१९६२ मध्ये अमेरिकेत बेल सिस्टिमची टी-वन सेवा सुरू झाली. तांब्याच्या तारांच्या दोन जोड्या, एक जायला, एक यायला. त्यावर २४ कॉल, सेकंदाला १५,४४,००० बिट. रिपीटर साधारण दर ६,००० फुटांवर, कारण जुन्या लाइनवर तेवढ्या अंतरावर आधीच लोडिंग कॉइल बसवलेल्या होत्या. कॉइल काढा, त्या जागी रिपीटर ठेवा. (असल्या जुगाडाचं मला भारी कौतुक वाटतं.)

पण नवीकोरी पल्स सोडायची नेमकी कधी? रिपीटरकडे स्वतःचं घड्याळ नव्हतंच. येणाऱ्या पल्समधूनच तो ताल पकडायचा. प्रत्येक पल्स एका ट्यून केलेल्या सर्किटला झोक्यासारखा धक्का देते, आणि त्या झोक्यावरून दर ६४८ नॅनोसेकंदांनी ठोका मिळतो. मध्ये बरीच शून्यं आली की झोका मंदावतो. त्यात सर्किटचं ट्यूनिंग जरासं जरी चुकलेलं असेल तर ठोका किंचित पुढेमागे सरकतो. हाच जिटर. खरखर गेली, पण चूक आता पल्सच्या उंचीऐवजी तिच्या वेळेत शिरली.

मग अशा रिपीटरची लांबच लांब साखळी केली तर काय होतं? १९५७-५८ मध्ये सुंडे, बेनेट, रो यांनी बेल लॅब्जच्या जर्नलमध्ये या प्रश्नावर लिहिलं. मला सगळ्यात आवडतो तो १९६३चा पेपर, बर्न, कॅराफिन आणि रॉबिन्सन यांचा. त्यांनी दाखवलेली गोष्ट साधी आहे, पण आधी सुचत नाही. नॉईजमुळे होणारा जिटर प्रत्येक रिपीटरवर वेगळा, म्हणून तो बराचसा आपापसात खपतो. पण डेटा तर सगळ्यांकडे तोच! एका पॅटर्नला पहिला रिपीटर ज्या बाजूला सरकतो, त्याच बाजूला सारख्या बनावटीचा दुसराही सरकतो, तिसराही. लांब साखळीत रिपीटर १६ पट केले तर नॉईजचा जिटर साधारण दुप्पट होतो, पॅटर्नचा मात्र चौपट.

मग बिट चुकायचे का? नाही, आणि खरी मेख इथेच आहे. साठत जाणारा जिटर संथ असतो. पुढचा रिपीटर मागच्याच्याच तालावर डोलतो, त्यामुळे शेजाऱ्याशेजाऱ्यांत फरक अगदी थोडा पडतो. कुठल्याही एका रिपीटरला विचारा, सगळं ठीक. भोगायला लागतं ते शेवटी. आकड्यांचा परत आवाज करताना नमुने असमान अंतराने बाहेर पडतात. अनेक लाइन एकत्र करून वेगवान लाइन बनवायची, तर प्रत्येकीचं डोलणं वेगळं. म्हणून अशा सांध्यांवर छोटी मेमरी ठेवावी लागली. बिट आत जाताना डुलत जातात, बाहेर मात्र संथ तालात येतात.

आता १० गिगाबिटला एक बिट उरतो १०० पिकोसेकंदांचा, पण मोजताना हाच पेच पडतो. ऑसिलोस्कोपला सिग्नलमधूनच काढलेल्या घड्याळाचा ट्रिगर दिला, तर स्कोपही सिग्नलबरोबर डोलतो. संथ जिटर दिसतच नाही, आय डायग्राम मस्त उघडा. वेगळं, स्वच्छ घड्याळ द्या, तोच आय मिटायला लागतो. यात खोटं कुठलंच नाही. रिसीव्हर जेवढं डोलणं स्वतः पकडू शकतो तेवढं माफ, म्हणून माफीची हद्द मानकांनाच ठरवावी लागते. १० गिगाबिट इथरनेटमध्ये ती ४ मेगाहर्ट्झला आहे. त्यामुळे आमच्या लॅबमध्ये कुणी ‘जिटर इतके पिकोसेकंद’ असा नुसता आकडा आणला, की पहिला प्रश्न पडतो: पॅटर्न कुठला, आणि घड्याळ कुठून घेतलं?