भिंतीतला पेंढा आणि काँक्रीटमधला धागा

रत्नागिरीच्या आसपास एखाद्या वाडीत कुडाची भिंत लिंपताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना आजचा विषय परका वाटू नये. माती भिजवून पायांनी तुडवायची, तीत भाताचा पेंढा किंवा तूस कालवायचे आणि मग तो चिखल कारवीच्या कुडावर थापायचा, हा आपल्या वाडवडिलांचा परिपाठ होता. नुसता चिखल वाळला की आकसतो आणि आकसला की तडकतो; पेंढ्याची काडी तड्याच्या दोन्ही कडा धरून ठेवते, हे अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही ठाऊक असे. अजिंठ्याची चित्रे ज्या मातीच्या गिलाव्यावर काढली आहेत, त्यातही तूस आणि वनस्पतींचे तंतू सापडतात. तेव्हा काँक्रीटमध्ये धागा घालण्याची कल्पना आपण आज नवी म्हणून ऐकत असलो, तरी तिचे मूळ आपल्याच अंगणात आहे.

काँक्रीटचा स्वभावही त्या चिखलासारखाच. दाबाखाली ते खडकासारखे उभे राहते. ओढले मात्र की, दाब सोसण्याच्या शक्तीच्या सुमारे एकदशांश ताणातच तुटते. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यात लोखंड आले. झोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याने १८६७ मध्ये लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले, आणि कुंडीतली ती युक्ती पुढे घरांत व पुलांत शिरली.

पण आपल्या किनाऱ्यावर या युक्तीला एक वैरी भेटला, तो म्हणजे खारा वारा. काँक्रीटच्या बारीक तड्यांतून मीठ आणि ओल आत जाते, सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा अधिक जागा मागतो आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर येतो. पणजीजवळ मांडवी नदीवरचा रस्त्याचा पूल १९७० मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. आतल्या ताणलेल्या पोलादी तारांना गंजाने खाल्ले होते. जांभ्याची घरे पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली पाहणाऱ्या आम्हां कोकणवासीयांनी सोळा वर्षांचे हे आयुष्य विसरू नये.

मग तडाच रोखता येईल काय? १८७४ मध्ये बेरार नावाच्या गृहस्थाने अमेरिकेत काँक्रीटमध्ये लोखंडाचे तुकडे मिसळण्याचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांनी सिमेंटमध्ये अ‍ॅसबेस्टॉसचे तंतू घालून पत्रे काढले. ते जगभर गेले, आणि त्या तंतूंनी फुप्फुसांचे घातक रोग होतात हे कळेपर्यंत फार उशीर झाला. १९६३ मध्ये रोमुआल्डी आणि बॅटसन या अमेरिकन संशोधकांनी, जवळजवळ ठेवलेल्या बारीक तारा तड्याला वाढू देत नाहीत, असे गणिताने आणि प्रयोगाने मांडले. तेथून या शास्त्राला पाया मिळाला.

आज पोलादी तुकडे बहुधा ३० ते ६० मिलिमीटर लांबीचे असतात. एक घनमीटर काँक्रीटमध्ये ४० किलो घातले, तरी आकारमानाने ते जेमतेम अर्धा टक्का भरतात. त्यांनी दाब सोसण्याची शक्ती फारशी वाढत नाही. वाढते ती चिवटपणा. साधे काँक्रीट तडकले की एकदम दुभंगते. धाग्याचे काँक्रीट तडकल्यावरही भार धरून ठेवते आणि मोडण्याआधी सूचना देते. म्हणून कारखान्यांच्या जमिनी, धावपट्ट्या आणि बोगद्यांचे अस्तर यांत त्याचा उपयोग होतो. प्लॅस्टिकच्या केसासारख्या धाग्यांचे काम आणखी मर्यादित आहे: ओले काँक्रीट सुकताना पडणाऱ्या बारीक भेगा ते आवरतात. आपल्याकडच्या काथ्याचेही प्रयोग झाले आहेत. परंतु सिमेंटच्या क्षारात तो हळूहळू ठिसूळ होतो, एवढे ध्यानात ठेवावे.

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या घराशी निगडित आहे. ‘धागा घातला आहे, आता सळई कमी चालेल, पाणी मारायलाही नको,’ असे सांगणारे आम्हांला भेटले आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. घराच्या तुळईतली सळई प्लॅस्टिकच्या धाग्याने बदलत नाही. किनाऱ्याच्या हवेत सळईवर साधारण ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे, असे भारतीय मानक सांगते. खाडीची न धुतलेली वाळू वापरली, तर ते आवरणही व्यर्थ, कारण मीठ आपणच आत नेऊन ठेवतो. पाणी मोजून घालावे, काँक्रीट नीट दाबून बसवावे, आणि पुढे काही दिवस ते ओले ठेवावे. एवढे झाल्यावर धागा घातला, तर तो उपकारच करील.

आपल्या म्हातारीने पेंढा घातला. पण म्हणून चिखल तुडवायचा तिने सोडला नाही, आणि कुडाची कारवीही काढून टाकली नाही. इतके शहाणपण आपण नव्या घरात नेले, तरी पुष्कळ झाले.