मुंबई : पुण्याहून पहिल्या भेटीसाठी

मुंबई : महाराष्ट्राची राजधानी आणि अरबी समुद्रावरचे मोठे नैसर्गिक बंदर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. पुण्यापासून लोहमार्गाने अंतर १९२ किमी. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे भराव घालून जोडत गेल्यावर आजचे दक्षिणोत्तर लांबट शहर तयार झाले. पोर्तुगिजांनी १६६१ च्या विवाहतहात ती इंग्लंडच्या राजाला देऊ केली आणि १६६८ मध्ये राजाने ती वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. कंपनीला येथे हवे होते ते बंदर.

या शहराला दोन किनारे आहेत, आणि पहिल्यांदा येणाऱ्याने नकाशा उघडल्यावर आधी हे पाहावे. पूर्वेचा किनारा बंदराचा. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा बेट स्वतःच्या अंगावर घेते, त्यामुळे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधले पाणी शांत राहते व गलबते तेथे नांगर टाकतात. पश्चिमेचा किनारा उघड्या समुद्राचा. मलबार हिल, वरळी, वांद्रे अशी टोके समुद्रात घुसली आहेत आणि त्यांच्यामधल्या बाकांत लाटांनी वाळू आणून टाकली आहे, त्याच चौपाट्या. पुण्याहून येणारी बहुतेक कुटुंबे गेटवे पाहतात, चौपाटीवर भेळ खातात आणि परततात. पूर्वेचा किनारा गोद्यांच्या भिंतींमागे राहून जातो. ज्याच्यामुळे हे शहर वसले तेच न पाहता परतणे हे मोठे नुकसान आहे, म्हणून या नोंदीत पूर्व किनाऱ्याला जास्त जागा दिली आहे.

पोचणे. १ जून १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुणे सोडते आणि १० वाजून २५ मिनिटांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. जाताना डाव्या-उजव्या बाजूचा वाद घालत बसू नये. १८६३ मध्ये खुला झालेला बोरघाटातला लोहमार्ग दोन्ही बाजूंनी पाहण्यासारखा आहे, पावसाळ्यात तर विशेष. जुहूकडे जायचे असेल तर दादरला उतरून पश्चिम रेल्वे घ्यावी. परतीची डेक्कन क्वीन मात्र संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांची आहे. म्हणजे एका दिवसात जाऊन येणाऱ्याच्या हाती जेमतेम पावणेसात तास पडतात आणि समुद्रावरची संध्याकाळ हुकते. पहिल्या भेटीसाठी एक रात्र मुक्काम करावाच. ते जमत नसेल तर निदान येताना रेल्वेचा हट्ट सोडून दादरहून सुटणारी एसटीची शिवनेरी धरावी.

मोटारीने येणाऱ्यांसाठी १२ जानेवारी २०२४ पासून नवी वाट झाली आहे. द्रुतगती मार्गाने पनवेलच्या बाजूला उतरून अटल सेतूवर जाता येते. हा २१.८ किमी लांबीचा सेतू न्हाव्याकडून शिवडीला येतो आणि त्यातला साडेसोळा किमी भाग समुद्रावर आहे. दुचाकींना त्यावर बंदी आहे. या वाटेने येणाऱ्याला मुंबई पूर्वेकडून, बंदराच्या बाजूने दिसते. पहिल्या दर्शनासाठी याहून चांगली दिशा नाही. शिवडीच्या चिखलात थंडीपासून मेपर्यंत हजारो रोहित पक्षी चरायला येतात. ते जवळून पाहायचे तर भरतीच्या थोडे आधी किंवा नंतर शिवडीच्या धक्क्यावर जावे.

पूर्व किनारा. सुरतेचे जहाजबांधणी कारागीर लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईत आले आणि येथील गोदीत सागवानी जहाजांची परंपरा उभी राहिली. १८४२ चा नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला ते येथेच १८१३ मध्ये बांधले होते. १८१७ चे ‘ट्रिंकोमाली’ तर आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. ती गोदी आता नौदलाकडे असून आत जाता येत नाही. गेटवेहून निघालेल्या लाँचमधून तिची दुरून ओळख होते. पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची. त्यानंतर ससून डॉक (१८७५), प्रिन्सेस डॉक (१८८०), व्हिक्टोरिया डॉक (१८८८) आणि अलेक्झांड्रा, म्हणजे आजचा इंदिरा डॉक (१९१४), अशा गोद्या झाल्या. शेवटच्या गोदीसाठी खणलेल्या मातीच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी आहे. जॉर्ज विटेट यांनी आखलेला हा सावलीचा, एकसारख्या दगडी इमारतींचा भाग टर्मिनसपासून पायी गाठता येतो आणि रविवारी तेथे निवांत फिरता येते. गेटवे ऑफ इंडिया (१९२४) याच विटेट यांचे काम.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. त्यात कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. दोन स्फोटांत जहाज, गोदी आणि आसपासच्या वस्तीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, शेकडो माणसे गेली, आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही त्यात होते. देशभर १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ आहे. पुढे १९८९ मध्ये पलीकडच्या काठावर न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनरची वाहतूक तिकडे गेली. त्यामुळे या बाजूची लगबग ओसरली असली तरी दोन जागा पहिल्यासारख्याच जाग्या आहेत.

पहिली, कुलाब्याचा ससून डॉक. पहाटे पाचच्या सुमारास होड्या लागतात, लिलाव पुकारले जातात, कोळणी पाट्या भरतात आणि एका बाजूला कोळंबी सोलण्याचे काम चालते. पापलेट, बोंबील, सुरमई हे मासे ताटात येण्यापूर्वी कसे दिसतात हे शाकाहारी पाहुण्यानेही पाहण्यासारखे आहे. जमीन ओली व निसरडी असते, वाटेत उभे राहून कामाचा खोळंबा करू नये, आणि छायाचित्रांवर निर्बंध असल्याने आधी विचारावे. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी असते, तेव्हा येथे जाण्यात अर्थ नाही.

दुसरी, माझगावचा भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात तो बांधला. कोकणातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बोटीने मुंबईत उतरली ती येथे, आणि १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेहून अधिक उतारूंसह बुडाली, तीही येथूनच सुटलेली. आज मोरा व रेवसच्या लाँच आणि मोटारींसकट मांडव्याला नेणारी रो-रो बोट (२०२० पासून) येथून सुटते. जवळचे स्थानक हार्बर मार्गावरचे डॉकयार्ड रोड. या मार्गावर रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी असे पुढे गेले की खिडकीतून जुन्या वखारी दिसत राहतात.

घारापुरी. गेटवेहून लाँचने सुमारे तासाभराचे हे बेट प्रशासकीयदृष्ट्या रायगड जिल्ह्यात आहे. सहाव्या शतकातल्या शैव लेण्यांतली साडेपाच मीटर उंचीची महेशमूर्ती पाहण्यासाठीच मुंबईला यावे, इतकी ती थोर आहे. मूर्तीपुढे घाईने फोटो काढून निघणाऱ्यांची गर्दी पांगेपर्यंत थांबावे. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा यादीत आहेत. सोमवारी ती बंद असतात. धक्क्यापासून छोटी गाडी, मग शंभरावर पायऱ्या. बेटावर जो दगडी हत्ती होता तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहे. डिसेंबर २०२४ मध्ये या मार्गावर ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून माणसे दगावली. लाइफ जॅकेट मागून घ्यावे आणि लहान मुलांना ते प्रत्यक्ष घालावे, मांडीवर ठेवू नये.

भरती-ओहोटी. पुण्याच्या माणसाला हा हिशेब ठेवायची सवय नसते. त्यामुळे आखलेली संध्याकाळ फुकट जाते. हिशेब कोळीवाड्यात आणि कोकणात तोंडपाठ असतो : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. ही वेळ दिवसाचीही आणि रात्रीचीही. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. तिच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, भरती फार चढते आणि ओहोटी फार उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाण्याची हालचाल कमी.

घरच्या भिंतीवरचे कालनिर्णय एवढ्यासाठी पुरते. संध्याकाळी रुंद, ओली, चालण्याजोगी वाळू हवी असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यानंतरचे दोन दिवस निवडावेत. तेव्हा सहा-सातच्या सुमारास समुद्र खूप आत गेलेला असतो. अष्टमीच्या संध्याकाळी पाणी वर आलेले असते आणि वाळू अरुंद उरते. हाजी अली दर्ग्याची वाट भरतीत पाण्याखाली जाते, म्हणून उधाणाच्या दिवशी भर दुपारी तेथे जाऊ नये. उलट पावसाळ्यात मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आदळणाऱ्या लाटा पाहायच्या असतील तर त्याच दिवसांची दुपार, पण कठड्यापासून अंतर राखून. साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. त्या दिवशी जोराचा पाऊसही आला तर पाणी समुद्रात जात नाही, रस्त्यात तुंबते, आणि लोकल थांबते.

पश्चिम किनारा. गिरगाव चौपाटी चर्नी रोड स्थानकाला लागून आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे सरदारगृहात निधन झाले आणि अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले. त्या जागी त्यांचा पुतळा आहे. पुण्याच्या पाहुण्याने येथे दोन मिनिटे थांबावे. अनंत चतुर्दशीला येथे जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : भाद्रपदात उथळ पाण्यात जेलीफिश व पाकट येतात, अनवाणी पाण्यात शिरू नये. येथून नरिमन पॉइंटपर्यंतचा मरीन ड्राइव्ह ही चौपाटी नव्हे, भराव टाकून केलेली कड आहे. सूर्यास्त पाहायला शहरात याहून सोयीची जागा नाही, आणि पाठीमागच्या आर्ट डेको इमारती २०१८ पासून जागतिक वारसा आहेत.

दादर चौपाटीवर चैत्यभूमी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ७ डिसेंबर १९५६ रोजी येथे अंत्यसंस्कार झाले. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो अनुयायी येतात. त्या सुमारास ज्याला अभिवादनाला यायचे आहे त्याने जरूर यावे, केवळ समुद्र पाहायला येणाऱ्याने दुसरा दिवस निवडावा. जुहू लांब व मोकळे आहे, विलेपार्ले किंवा सांताक्रूझहून रिक्षाने जाता येते. रविवार सोडून गेल्यास मुलांना पळायला जागा मिळते. मालाडच्या पश्चिमेचा अक्सा किनारा दिसायला सर्वांत सुंदर, पण पाण्याखालचे प्रवाह आणि खड्डे यांमुळे तेथे दरवर्षी माणसे बुडतात. पाण्यात उतरू नये, जीवरक्षकाने हटकले तर वाद घालू नये. मढ, मनोरी, गोराई पहिल्या भेटीत नकोत. त्यांना स्वतंत्र दिवस द्यावा. मुंबईच्या कोणत्याच चौपाटीचे पाणी पोहण्याइतके स्वच्छ नाही.

हंगाम आणि फिरणे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पुण्याच्या कोरड्या हवेतून आलेल्याला मे महिन्यातला दमट घाम सोसत नाही. जून ते ऑगस्टअखेर गेटवे–मांडवा लाँच बंद असतात. लोकलने सकाळी अकरापर्यंत दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाचनंतर उत्तरेकडे जाणे टाळावे. गर्दीच्या उलट दिशेला हाच प्रवास सुखाचा होतो. रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, तो कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारीच पाहावे. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो पूर्ण धावते. लहान मुले व ज्येष्ठ बरोबर असतील तर तीच घ्यावी.

दोन दिवसांची मांडणी अशी करता येते. पहिल्या दिवशी डेक्कन क्वीनने उतरून थेट गेटवे, घारापुरी, परत येऊन मरीन ड्राइव्ह. मुक्काम फोर्ट किंवा कुलाब्यात. दुसऱ्या दिवशी पहाटे ससून डॉक, मग बॅलार्ड इस्टेट आणि भाऊचा धक्का, दुपारी दादरला मराठी खानावळीत जेवण, संध्याकाळी तिथी पाहून दादर किंवा गिरगावची चौपाटी, आणि रात्री दादरहून शिवनेरी. सोमवार आला तर घारापुरीचा दिवस पुढे-मागे करावा.